व्हॉल्व्हपाशी नाव

"बाहेरून आणलेल्या टायरला आम्ही हात लावत नाही, ताई," गॅरेजवाला म्हणाला आणि खरोखरच दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

नवा टायर खांद्यात अडकवून ती त्याच्यासमोर उभी होती. शहराच्या टोकाला एक दुकान होतं. तिथे टायर नुसते विकायचे, बसवून द्यायचे नाहीत, म्हणून स्वस्त. तिथून तो टायर आणि एक ट्यूब ती बसमधून मांडीवर घेऊन आली होती आणि शेजारच्या बाईच्या साडीला काळा डाग पाडल्याबद्दल दोन शब्द ऐकून घेतले होते. गॅरेजवाल्याचा हिशेब सरळ होता. टायर त्याच्याकडून घेतला की बसवणं फुकट. बाहेरून आणला की बसवण्याची मजुरी अशी, की स्वस्तात आणल्याचा सगळा आनंद तिथेच विरून जावा.

"म्हणजे पैसे दिले की हात लागतो," ती म्हणाली.

"तसं म्हणा," गॅरेजवाला म्हणाला. माणूस निर्लज्ज होता, पण खोटारडा नव्हता.

ती टायर घेऊन घरी निघाली. सोमवारपासून तिला लॅबचं काम लागणार होतं. सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि पेटीतून वेळेत पोचवायचे. सुई टोचण्यात तिचा हात हलका होता, लॅबवाल्यांना तो पसंतही पडला होता, पण अट एकच होती, गाडी स्वतःची हवी. गाडी होती. मागच्या अंगणात ताडपत्रीखाली वर्षभराहून जास्त काळ उभी होती, आणि तिच्या मागच्या चाकाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

ती मोटरसायकल तिच्या नवऱ्याची. तो पार्सलं पोचवायचा. एका सकाळी गोदामाजवळच्या वळणावर मागचं चाक एकाएकी बसलं, गाडी आडवी घसरली आणि त्याचा उजवा गुडघा तिच्याखाली सापडला. जीव वाचला, गुडघा मात्र पुरता वाकेना. तेव्हापासून तो अंगणाकडच्या खोलीत, खिडकीपाशी, काठी बाजूला ठेवून बसलेला असे. आणि ते चाक बसण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी त्यावर नवा टायर चढवला होता तो तिच्या सासऱ्यांनी.

सासरे बस डेपोत फिटर होते. निवृत्त झाल्यावरही गल्लीतले सगळे त्यांना फिटरकाका म्हणत आणि पंक्चर झालं की त्यांच्याच पायरीशी गाडी आणून उभी करत. ते पैसे घेत नसत, पण काम होईस्तोवर गाडीच्या मालकाची अक्कल काढत. कुणी हवा कमी ठेवली म्हणून, कुणी चेनला तेल दाखवलं नाही म्हणून. पोटच्या पोरालाही त्यातून सूट नव्हती. उलट त्याच्या वाट्याला जरा जास्तच. लहानपणी तो शाळेला निघताना उजवा बूट डाव्या पायात घालून पळायचा, तेव्हापासून त्यांनी त्याचं नाव घाईमास्तर ठेवलं होतं. लग्नात व्याह्यांपुढेही त्यांनी त्याला त्याच नावाने हाक मारली होती.

अपघातानंतर हे सगळं बंद झालं. हॉस्पिटलमध्ये ते मुलाच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "माझ्याच हातून काहीतरी राहिलं." मग त्यांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकलली आणि गल्लीतल्या गाड्यांना परत पाठवायला सुरुवात केली. मुलाला ते 'बाळा' म्हणू लागले. रोज संध्याकाळी वाटीत कोमट तेल घेऊन त्याच्या खोलीत जायचे, त्याचा पाय मांडीवर घ्यायचे आणि गुडघा हळूहळू चोळत बसायचे. ताडपत्रीजवळून जाताना मात्र मान दुसरीकडे.

तिने एकदा नवऱ्याला म्हटलं होतं, चाक उघडून तरी बघू, नक्की काय झालं ते कळेल. तो म्हणाला, "कशाला? झालं ते झालं. त्यांना आणखी त्रास नको." तिला वाटलं होतं, केवढं मोठं मन आहे याचं.

तिचं मन तेवढं मोठं नव्हतं. ती काही बोलली नाही, भांडली नाही, पण सासऱ्यांपुढे चहाचा कप ठेवताना तो आदळायचा. आधी ती त्यांच्याशी दिवसभर गप्पा मारायची. आता कप खाली ठेवल्याचा आवाज, एवढंच काय ते दोघांत बोलणं उरलं होतं. सासरे कप उचलायचे, प्यायचे, धुऊन पालथा घालायचे. तक्रार केली नाही कधी. तिला त्याचाही राग यायचा.

त्या दिवशी मात्र तिला त्यांच्याशी बोलणं भाग होतं.

"बाबा, पेटी हवी होती," ती म्हणाली. "टायर मी बदलते. कसा ते सांगा."

त्यांनी नव्या टायरवरून नजर फिरवली. "तोंडाने सांगतो," ते म्हणाले. "हात लावणार नाही."

खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. "गॅरेजमध्ये दे ना. हे कसलं खूळ? मी देतो पैसे. माझं घड्याळ पडलंय नुसतं, ते विकू."

"घड्याळ बंद आहे," ती म्हणाली.

"मग कुणाकडून तरी घेऊ. पण घरी नको उघडूस." तो काठी टेकत दारापर्यंत आला होता. एरवी पाणीसुद्धा जागेवर मागणारा माणूस. "ऐक माझं."

तिला वाटलं, त्याला बापाची दया येतेय, किंवा बापाच्या हाताचा भरवसा उरलेला नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी सोमवार काही पुढे जाणार नव्हता. तिने ताडपत्री ओढली. धुळीने तिघेही खोकले.

नवऱ्याची जुनी पँट दोरीने कमरेला बांधून ती कामाला लागली. सासरे पायरीवर बसले, हात मांडीखाली दाबून.

"आसाच्या नटाला पिन असेल. तिची टोकं सरळ कर आणि ओढ. हां. आता पाना लाव."

नट जाम बसला होता. तिने जोर लावला, दोन्ही पाय रोवून लावला, मग दात आवळून त्याचा उद्धार केला.

"नट बहिरा असतो," सासरे म्हणाले. "शिव्या वाया जातात. पेटीत नळी आहे, ती पान्याच्या दांड्यावर चढव. दांडा लांबला की जोर कमी लागतो."

नळी चढवल्यावर नट कुरकुरला आणि फिरला. तिला हसू आलं आणि आपण त्यांच्यासमोर हसलो हे लक्षात येताच ते तिने आवरलं. ब्रेकची सळई सुटली, चेन दातेरी चक्रावरून उतरली, आस बाहेर आला. चाक निघताना तिच्या पायावर आलं असतं, पण सासऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, "पाय बाजूला घे, ते सांगून पडत नाही."

चाक तिने गोणपाटावर आडवं केलं. टायर एका बाजूला फाटलेला होता, आणि इतके दिवस हवेवाचून भार सोसून त्याच्या कडेला चिरा पडल्या होत्या.

"आता कंपनीचं नाव बघ टायरवर," सासरे म्हणाले. "व्हॉल्व्हपाशी असेल. त्याच्या बरोबर समोरून उचकटायला सुरुवात करायची."

"व्हॉल्व्हपाशी नाही."

"आहे. माती पूस."

तिने फडकं ओलं करून पुसलं. व्हॉल्व्हपाशी नुसता काळा रबर होता. ती पुसत पुसत पुढे गेली. नाव निघालं ते जवळजवळ दुसऱ्या टोकाला, नको तिथे.

"इथे आहे," ती म्हणाली.

ते नाव तिथे असणं सासऱ्यांना पटत नव्हतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते गल्लीतल्या प्रत्येकाला सांगत, नाव व्हॉल्व्हच्या डोक्यावर ठेवावं, म्हणजे टायरमध्ये खिळा सापडला की ट्यूबचं भोक कुठे शोधायचं ते लगेच कळतं. डेपोत त्यांनी मोठमोठ्या बसचे टायर याच रीतीने बसवले होते. झोपेत बसवला असता तरी त्यांनी तो तसाच बसवला असता.

"टायर फिरला असेल," ती म्हणाली. "घसरताना."

"फिरला असता तर ट्यूब ओढली गेली असती, व्हॉल्व्ह उपटून निघाला असता. बघ, सरळ आहे?"

व्हॉल्व्ह सरळ होता.

सासरे पायरीवरून उठले. मांडीखाली दाबलेले हात बाहेर आले. चाकाशी उकिडवे बसून त्यांनी रिमच्या कडेवरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. तिथे तीन-चार खोल ओरखडे होते. त्यांनी पेटीतून टायर उचकटायच्या स्वतःच्या दोन पट्ट्या काढल्या. बसच्या स्प्रिंगच्या पात्यापासून डेपोतच केलेल्या, टोकं घासून गुळगुळीत केलेल्या. एक तिच्या हातात दिली.

"हिने ओरखडा काढून दाखव."

तिने प्रयत्न केला. पट्टी नुसती घसरत होती.

मग त्यांनी ते काम तिच्याकडून काढूनच घेतलं. साबणाचं पाणी कडेला सोडलं, टाच देऊन टायर आत दाबला, दोन पट्ट्या घातल्या. कड सुटली. त्यांनी आत हात घालून ट्यूब ओढली आणि बोटं एकमेकांवर चोळून पाहिली.

"पावडर नाही," ते म्हणाले. "मी पावडर टाकल्याशिवाय ट्यूब आत घालत नाही."

ट्यूबवर एका जागी पॅच होता, वाकडा कापलेला, सोल्युशन बाहेर ओघळलेलं. आणि जिथे रिमवर ओरखडे होते तिथे दोन चिरा, शेजारी शेजारी.

"हे खिळ्याचं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. तिला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. "कुणीतरी पंक्चर काढलं. मग टायर परत चढवताना स्क्रूड्रायव्हर घातला. ट्यूब चिमटली. चिमटलेली जागा एखादा दिवस धरून राहते. गाडी वेगात आली, ट्यूब तापली, की सुटते." मग ते म्हणाले, "माझ्यानंतर हे चाक उघडलंय."

कुणी उघडलं हे त्यांनी विचारलं नाही. तिनेही नाही. तिने मान वर करून खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. एवढ्या उकाड्यात खिडकी लावून घेतलेली होती.

वर्षभर ताडपत्रीखाली, हाताच्या अंतरावर, हे सगळं लिहून ठेवल्यासारखं पडून होतं. एकानेही ताडपत्री उचलली नव्हती. आणि तिने रोज दोनदा कप आदळला होता.

ती काळ्या हातांनीच आत गेली.

"पंक्चर कधी काढलंस?" तिने विचारलं.

नवरा खिडकीकडे तोंड करून बसला होता. आढेवेढे घेतले नाहीत त्याने. "आदल्या दिवशी. गोदामाच्या मागे. पार्सलं राहिली होती."

"आणि वर्षभर मूग गिळून बसलास? ते रोज तुझा गुडघा चोळत होते."

"सांगणार होतो. शुद्धीवर आलो तेव्हाच सांगणार होतो." त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "ते आले, पायाशी बसले, रडले. मला बाळा म्हणाले. जन्मात कधी म्हणाले नव्हते गं. मला वाटलं, आज राहू दे, उद्या सांगू. मग दुसऱ्या दिवशी ते तेलाची वाटी घेऊन आले."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. याला काठीसकट बाहेर काढावं असं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्याच्या तोंडाकडे बघवतही नव्हतं. एवढा बाप्या माणूस, एका 'बाळा'साठी बापाला जितेपणी कुजू देतो. आणि आपण? आपल्याला तर त्या बदल्यात काही मिळालंही नव्हतं. फुकट छळलं.

"ऊठ," ती म्हणाली. "बाहेर जाऊन सांग."

"त्यांना कळलंय."

"कळलंय ते चाकावरून. तुझ्या तोंडून नाही."

तो उठला. खोलीतून पायरीपर्यंतचं अंतर त्याने भिंत धरधरून कापलं. सासरे नव्या ट्यूबवर पावडर चोळत होते. ट्यूबमध्ये त्यांनी चिमूटभर हवा भरली होती, आकार येण्यापुरती. नव्या टायरवरचं नाव व्हॉल्व्हच्या भोकापाशी आणून ठेवलं होतं.

"बाबा, मी उघडलं होतं चाक," नवरा म्हणाला. "स्क्रूड्रायव्हरने."

सासऱ्यांनी ट्यूब आत सरकवली. व्हॉल्व्ह भोकातून बाहेर काढला, नट दोन आटे फिरवला.

"पट्ट्या माझ्या पेटीत होत्या," ते मान वर न करता म्हणाले. "मागितल्या असत्यास तर दिल्या नसत्या?"

"शिव्या दिल्या असत्या."

सासरे टायरची कड टाचेने दाबत राहिले. शेवटचा तुकडा नेहमीच अडतो. तो त्यांनी पट्टीशिवाय, नुसत्या अंगठ्यांनी आत घातला.

"दिल्या असत्या," ते म्हणाले. "शिव्याही आणि पट्ट्याही."

सासऱ्यांनी चाक उचलून भिंतीला टेकवलं, हत्यारं एकेक पुसून पेटीत ठेवली आणि तिला म्हणाले, "आज पुरे. चाक उद्या चढवू." मग नळाखाली हात धूत बसले. हात स्वच्छ झाले तरी धूत राहिले.

तिने चहा केला. माफी मागायची म्हणून तिने कप आवाज न करता त्यांच्यापुढे ठेवला. "बाबा, गरम आहे, बघून घ्या," एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली. ते कप उचलून म्हणाले, "तू तरी काय करणार होतीस, पोरी." कपाच्या आवाजाने त्यांना लागलं असेल, त्यापेक्षा तिला ते बोलणं जास्त लागलं.

संध्याकाळी रोजच्या वेळेला नवऱ्याने पायजमा गुडघ्याच्या वर घेतला आणि पाय लांब करून बसला. तिने तेल कोमट करून वाटी कोनाड्यात ठेवली होती. बाहेर सासऱ्यांच्या चपला वाजल्या. दारापर्यंत आल्या, थांबल्या, आणि पुढे निघून गेल्या.

"मी लावते," ती म्हणाली.

"नको. येतील."

ते आले नाहीत. जेवले, ताट धुतलं आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. नवरा पायजमा तसाच वर ठेवून बसला होता. तेल थंड झालं. तिने शेवटी वाटी उचलून ठेवली तेव्हा तो म्हणाला, "आता ते माझ्याशी बोलणार नाहीत." तिला खोटा धीर द्यावासा वाटला नाही. तिलाही तीच भीती होती. एका घरात दोन माणसं न बोलता किती दिवस काढू शकतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सकाळी ती उठली तेव्हा सासऱ्यांचा पलंग रिकामा होता. अंगणातून लोखंडाचा आवाज येत होता. तिने दारातून पाहिलं. चाक गाडीत जाऊन बसलं होतं, आस आरपार घातलेला होता, आणि सासरे चेनचा ताण बघत होते. पायरीपाशी गल्लीतली कुणाचीतरी पंक्चर गाडी येऊन उभीही राहिली होती, आणि तिचा मालक खाली मान घालून आपली अक्कल काढून घेत होता.

खोलीत नवरा जागा होता. खिडकी उघडी होती. त्याने रात्रभर पायजमा खाली घेतला नव्हता.

"इकडे माणूस लागतोय," अंगणातून आवाज आला. कोरडा, खरखरीत, जुना. "नट आवळताना चाक सरळ धरायला. घाईमास्तर, ऐकू येतंय का? की पाय गेला तसे कानही गेले?"

तो दचकला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला त्या नावाने हाक आली होती. तिला एक क्षण कळेना की हा आता रडणार की हसणार. त्याला तरी कुठे कळत होतं.

"आलो," तो म्हणाला, आणि काठीसाठी पलंगाखाली चाचपडू लागला.

तिने काठी उचलून त्याच्या हातात दिली. पायाला रात्रीपासून तेल नव्हतं. पहिलं पाऊल टाकताना गुडघा चांगलाच दुखला.